तंजावरची निवासनीती : अग्रहार, छत्र आणि आश्रितांचे घर

तंजावरच्या मराठी राजवटीचा विचार आपल्याकडे बहुधा सरस्वती महालाच्या दारापाशी सुरू होतो आणि तेथेच संपतो. शहाजीराजांची नाटके, बृहदीश्वराच्या भिंतीवर १८०३ मध्ये कोरलेला भोसले वंशाचा मराठी इतिहास, दुसऱ्या सरफोजींचा ग्रंथसंग्रह, मोडी लिपीतील दप्तर ह्या सर्वांवर मराठी अभ्यासकांनी लिहिले आहे व अजूनही लिहिण्यासारखे पुष्कळ आहे. मात्र हे सारे वाङ्मय रचणारे, नकलणारे, गाणारे आणि त्याच्या खर्चाचा हिशेब ठेवणारे लोक राहत कोठे होते, कोणाच्या घरात आणि कोणत्या हक्काने, हा प्रश्न आपण क्वचितच विचारतो. 'राजाश्रय' ह्या शब्दातील 'आश्रय' आपल्या लेखनात बिदागी, नेमणूक, मानमरातब एवढ्याच अर्थाने येतो. त्याचा पहिला आणि शब्दशः अर्थ डोक्यावरचे छप्पर असा आहे. प्रस्तुत लेखात तंजावरच्या निवासनीतीचा त्या अर्थाने विचार करावयाचा आहे. ही नीती वाङ्मयाची पार्श्वभूमी होतीच. शिवाय कोणते वाङ्मय निर्माण व्हावे आणि कोणते होऊ नये हेही तिने पुष्कळ अंशी ठरविले, असे माझे मत आहे.

नगररचनेच्या शास्त्रात अलीकडे एका कल्पनेला बरेच महत्त्व आले आहे. मुख्य घराच्या आवारातच, परसात, माडीवर किंवा गल्लीकडील बाजूस, एक लहानसे दुसरे घर बांधू द्यावे व त्यात भाडेकरू, वृद्ध आईवडील किंवा नोकरमाणसे राहू द्यावीत, अशी ती कल्पना आहे. कॅनडातील व्हँकूव्हर शहराने २००९ मध्ये मागच्या गल्ल्यांतील अशा घरांना परवानगी दिली, आणि कॅलिफोर्निया राज्याने २०१६ नंतर एकामागून एक कायदे करून त्यांच्यावरील बंधने सैल केली. आपण अशा घरास 'पूरक निवास' म्हणू. पाश्चात्त्य नगररचनाकारांना ही गोष्ट नवी वाटत असली, तरी पुण्यातील वाड्यात वाढलेल्या माणसाला तिच्यात नवे काही दिसणार नाही. वाड्याच्या मागच्या चौकातील दोन खोल्यांचे बिऱ्हाड हे पूरक निवासच होते. तमिळमध्ये त्यासाठी एक फार बोलका शब्द आहे : 'ओंडुक्कुडित्तनम्'. 'कुडित्तनम्' म्हणजे संसार, बिऱ्हाड. 'ओंडु' म्हणजे अंग चोरून एखाद्याच्या आडोशाला टेकणे. एका घरात, एका विहिरीवर, एका संडासावर चारपाच कुटुंबांनी अंग चोरून केलेला संसार, एवढा अर्थ त्या एका शब्दात आहे. मराठीतील 'बिऱ्हाड' शब्दाला मुक्काम हलविण्याचा वास आहे, तर तमिळ शब्दाला दुसऱ्याच्या भिंतीला टेकण्याचा. तमिळमध्ये राहत्या ठिकाणाला 'जागै' असाही एक शब्द आहे. तो मराठी 'जागा' आणि हिंदुस्थानी 'जगह' ह्यांच्या कुळातील असून बाहेरून आलेल्या राज्यकर्त्यांबरोबर तमिळमध्ये रुजला. घर शोधणाऱ्या परक्यांचा शब्द घर देणाऱ्यांच्या भाषेत राहून जावा, ही गोष्ट सहज लक्षात घेण्यासारखी आहे.

अशा निवासाचे मूल्यमापन करताना खोल्या किती बांधल्या एवढे मोजून भागत नाही. तेथे कोणास राहता येते, किती काळ राहता येते, आणि देणाऱ्याची मर्जी फिरली अथवा तो मेला तर राहणाऱ्याचे काय होते, हे पाहावे लागते. ह्यांपैकी शेवटचा प्रश्न मला सर्वांत कसोटीचा वाटतो, आणि तंजावरचा इतिहास त्याला चार निरनिराळी उत्तरे देतो.

आधी तेथील घराविषयी थोडे. कावेरीच्या खोऱ्यातील जुने घर अरुंद व लांब असते. रस्त्याला लागून 'तिण्णै', म्हणजे आपली ओटी. तिच्यावर छप्पर असते, पण तिला दार नसते. आत 'रेळि', मग उघडा चौक म्हणजे 'मुट्रम्', त्याभोवती 'कूडम्', मागे स्वयंपाकघर आणि शेवटी विहीर व झाडे असलेले परस, 'कोल्लै'. शेजारच्या घराची भिंत सामाईक असल्याने घराला वाढायला बाजू नसते. ते वाढते ते मागे किंवा वर. ओटी मात्र घरमालकाची असूनही पूर्णपणे त्याची नसते. वाटसरूने तिच्यावर रात्र काढावी, शिकविणाऱ्याने तेथे मुले जमवावीत, हा तिचा रूढ उपयोग. तमिळनाडूत गावठी शाळेला 'तिण्णै पळ्ळि' हेच नाव पडले आहे. भाड्याची बोली नसलेला, परंतु हक्कही नसलेला असा हा सर्वांत लहान पूरक निवास होता.

व्यंकोजीराजांनी १६७५-७६च्या सुमारास तंजावर घेतले. त्यांचे पुत्र शहाजी ह्यांनी १६८४ ते १७१२ राज्य केले. हे शहाजी स्वतः बहुभाषी ग्रंथकार. त्यांच्या नावावरील 'पंचभाषाविलास' नाटकात संस्कृत, तेलुगू, तमिळ, मराठी व हिंदी अशा पाच भाषा एकत्र नांदतात. ह्याच राजाने १६९३ साली कुंभकोणमजवळील तिरुविशनल्लूर हे कावेरीकाठचे गाव सुमारे ४६ विद्वानांस अग्रहार म्हणून दिले आणि त्याचे नाव 'शाहजिराजपुरम्' ठेविले. 'जानकीपरिणय' व 'पतंजलिचरित' लिहिणारे रामभद्र दीक्षित तेथले. 'शाहेंद्रविलास' ह्या काव्यात शहाजींचे चरित्र गाणारे श्रीधर वेंकटेश, ज्यांना लोक 'अय्यावाळ्' म्हणून ओळखतात, तेही तेथलेच. व्याकरण, वेदान्त, काव्य, नाटक अशा अनेक शास्त्रांतील इतकी माणसे एकाच रस्त्यावर शेजारी शेजारी राहिल्याचे उदाहरण त्या काळच्या दक्षिणेत विरळा आहे.

ह्या दानाचे स्वरूप नीट पाहिले पाहिजे. राजाने विद्वानांना दरबारात खोल्या दिल्या नाहीत. त्याने त्यांना घर दिले आणि घराबरोबर गावाच्या उत्पन्नात वाटा दिला. तो वाटा वंशपरंपरागत होता. म्हणजे राजा गेला, वंश बदलला, राज्य बुडाले, तरी विद्वानाच्या नातवाला ओटीवरून कोणी उठवू शकत नव्हते. दरबारी कवीला रोज सकाळी दरबारात हजर राहावे लागते. अग्रहारातला कवी चार-आठ दिवसांच्या शास्त्रार्थासाठी तंजावरला जाऊन परत आपल्या परसात येऊ शकतो. रामभद्र दीक्षितांसारख्यांच्या लेखनात केवळ राजस्तुती नसून शास्त्र, नाटक, भाण, स्तोत्र असा विस्तार आढळतो. ह्याचे एक कारण प्रतिभा हे आहेच. दुसरे कारण, मला वाटते, ह्या दानाच्या अटींत आहे. निवास देणाऱ्याच्या हातून सुटला की त्यात राहणाऱ्याचे लेखन देणाऱ्यापासून थोडे दूर जाऊ शकते.

परंतु ह्याच स्थैर्याला दुसरी बाजू होती. अग्रहाराचा रस्ता ज्यांना मिळाला त्यांना तो कायमचा मिळाला, आणि ज्यांना मिळाला नाही त्यांना तो कायमचा बंद झाला. अय्यावाळांविषयीची प्रसिद्ध कथा ह्या ठिकाणी आठवते. वडिलांच्या श्राद्धाच्या दिवशी दारात आलेल्या एका भुकेल्या अंत्यजाला त्यांनी श्राद्धासाठी शिजविलेले अन्न वाढले. अग्रहारातील ब्राह्मणांनी श्राद्धाला बसण्यास नकार दिला आणि प्रायश्चित्त म्हणून काशीस जाऊन गंगास्नान करावयास सांगितले. अय्यावाळांनी गंगेची प्रार्थना केली, तेव्हा ती त्यांच्या परसातील विहिरीत उसळली आणि तिचे पाणी अग्रहाराच्या रस्त्यातून वाहू लागले. आजही कार्तिक अमावास्येला त्या विहिरीच्या पाण्याने स्नान करण्यासाठी तिरुविशनल्लूरला मोठी गर्दी लोटते. पैठणच्या नाथांची श्राद्धाची कथा ज्याला ठाऊक आहे, त्या मराठी वाचकाला ह्या कथेचा सांगाडा ओळखीचा वाटेल. तिकडे पितर स्वतः येऊन जेवतात, इकडे गंगा येते. मला येथे महत्त्वाचा वाटतो तो कथेतील वास्तूचा तपशील. भुकेलेला माणूस पुढच्या दाराशी येतो, गंगा मागच्या परसात येते, आणि ज्यांनी बहिष्कार घातला त्यांच्या घरांत पाणी शिरू लागते. सामाईक भिंतींच्या त्या रस्त्यावर एका घराने नियम मोडला तर तो सर्वांच्या उंबरठ्यापर्यंत पोहोचतो. शेजाऱ्यांना पटविण्यासाठी चमत्कार लागावा, इतका तो रस्ता बंद होता.

तो भुकेला माणूस राहत कोठे होता, हे कथा सांगत नाही. तंजावरच्या गावांची रचना मात्र सांगते. आंद्रे बेतेय ह्यांनी १९६५ मध्ये आणि कॅथलीन गफ ह्यांनी १९८१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत ह्या जिल्ह्यातील गावांचे वर्णन आहे : अग्रहार, त्याच्या पलीकडे ब्राह्मणेतरांचे रस्ते, आणि शेताच्या मध्ये किंवा कडेला अस्पृश्यांची 'चेरी'. चेरीतील शेतमजुराची झोपडी बहुधा ज्या जमिनीवर उभी असे ती जमीनदाराची, म्हणजे 'मिरासदारा'ची. मिरासदाराच्या आवाराला, त्याच्या जमिनीला, त्याच्या मर्जीला जोडलेले हे घर होते. नगररचनाकाराच्या भाषेत त्यालाही पूरक निवासच म्हणावे लागेल, आणि म्हणूनच तो शब्द वापरताना जपून वापरावा. मजुराने मजुरी वाढवून मागितली की जमीनदाराच्या हातात दोन शस्त्रे असत, काम नाकारणे व झोपडी मोडणे. पहिल्याने त्या दिवसाची भाकरी जाई, दुसऱ्याने गाव जाई.

ह्या नात्यात कायद्याने हात घातला तो स्वातंत्र्यानंतर. १९५२च्या तंजावर कूळ व पण्णैयाळ संरक्षण कायद्याने कायम बांधलेल्या शेतमजुरांना काही संरक्षण दिले. पण बऱ्याच जमीनदारांनी कायम मजूर ठेवणेच सोडून दिले व रोजंदारीची माणसे लावली. मजुरीचा तंटा चालूच राहिला. २५ डिसेंबर १९६८ च्या रात्री तत्कालीन तंजावर जिल्ह्यातील कीळ्वेण्मणी येथे ४४ दलित माणसे, त्यांत बहुसंख्य स्त्रिया व मुले, एका झोपडीत जाळून मारली गेली. त्यानंतर तीन वर्षांच्या आत, १९७१ मध्ये, तमिळनाडू सरकारने 'कुडियिरुप्पु' कायदा केला. दुसऱ्याच्या जमिनीवर झोपडी बांधून राहणाऱ्या शेतमजुराला व ग्रामीण कारागिराला झोपडीखालच्या जागेची मालकी त्याने दिली. शेत दिले नाही, मजुरी वाढविली नाही. केवळ उभे राहण्याची जागा झोपडीतल्या माणसाच्या नावावर केली. हा कायदा लहान दिसतो. परंतु मजुरीचे बोलणे करताना ज्याला आपल्या घराची भीती नाही, तो निराळ्या आवाजात बोलतो, हे ज्याने एकदाही भाड्याच्या घरात राहून मालकाशी वाद घातला आहे त्याला वेगळे सांगावे लागत नाही.

वाङ्मयाच्या अभ्यासकाने येथे एक नोंद करावी. अग्रहाराने दानाच्या पहिल्याच पिढीत ग्रंथांची रास उभी केली. झोपडीचा प्रवेश प्रतिष्ठित वाङ्मयात व्हायला १९७५ उजाडावे लागले. त्या वर्षी इंदिरा पार्थसारथी ह्यांची कीळ्वेण्मणीच्या घटनेवर आधारलेली 'कुरुदिप्पुनल्' ही कादंबरी प्रसिद्ध झाली व १९७७ मध्ये तिला साहित्य अकादमीचे पारितोषिक मिळाले. तीही झोपडीतल्या माणसाने लिहिलेली नव्हे.

आता खेड्यातून किल्ल्यात यावे. १७९९च्या तहाने दुसऱ्या सरफोजींनी राज्याचा कारभार कंपनीच्या हवाली केला. त्यांच्याकडे तंजावरचा किल्ला, वार्षिक एक लक्ष होनांची नेमणूक आणि निव्वळ महसुलाचा पाचवा हिस्सा एवढेच राहिले. राज्य गेले आणि शहर उरले, असा राजा झाल्यावर त्यांच्या हातात मुख्यतः घरेच होती. राजवाडा हे त्यांतले सर्वांत मोठे घर. त्यात राजा आणि त्याच्या राण्या तर राहतच, परंतु त्याच्या आवारात कारकून, पंडित, शागीर्द, दासी आणि दूरचे आप्त ह्यांचीही मोठी वस्ती होती. 'मंगलविलास' नावाचा एक निवास राजाच्या त्या स्त्रियांसाठी होता, ज्यांचा विवाह शास्त्रोक्त विधीने न होता तलवारीशी लावण्याच्या रूढीने झालेला असे किंवा ज्या नुसत्या आश्रित म्हणून राहत. त्यांना खोल्या होत्या, नेमणूक होती, चाकरमाणसेही होती. नव्हता तो हक्क.

ही गोष्ट १८५५ मध्ये उघडी पडली. त्या वर्षी सरफोजींचे पुत्र दुसरे शिवाजी पुत्रसंतानाविना वारले. कंपनीने राजपद खालसा केले आणि पुढच्या वर्षी राजवाडा, जवाहीर, जमिनी, सर्व खाजगी मालमत्ताही जप्त केली. थोरली राणी कामाक्षीबाई ह्यांनी मद्रासच्या सर्वोच्च न्यायालयात दावा जिंकला; पण १८५९ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने तो निकाल फिरविला. जप्ती ही राज्यसत्तेची कृती असून तिच्याविरुद्ध न्यायालयात दाद मागता येत नाही, असा त्याचा आशय. १८६२ मध्ये सरकारने हक्क म्हणून नव्हे, तर कृपा म्हणून मालमत्ता राण्यांना परत दिली. त्या हुकुमाच्या अटी निवासनीतीच्या अभ्यासकाने मुद्दाम वाचाव्यात. व्यवस्था थोरल्या राणीकडे. इतर राण्यांना मालमत्तेचा उपभोग योग्य रीतीने मिळेल अशी तजवीज करणे हे तिचे कर्तव्य. शेवटची राणी निवर्तल्यावर मालमत्ता राजकन्येकडे, ती नसल्यास जवळच्या वारसांकडे. म्हणजे एका वाड्यात अनेक बिऱ्हाडे, आणि त्यांतील एकीच्या हाती किल्ल्यांचा जुडगा! पुण्यातल्या कोणत्याही एकत्र वाड्यात अशा व्यवस्थेतून जे निष्पन्न होते तेच येथे झाले. राण्यांमधला दावा १८६८ मध्ये मद्रास उच्च न्यायालयात पोहोचला. तलवारीशी लग्न लागलेल्या स्त्रिया धर्मपत्नी की आश्रिता, आणि त्यांच्या मुलांना काही मिळावे की नाही, हा प्रश्न तर थेट १९२० च्या दशकापर्यंत त्याच न्यायालयासमोर येत राहिला. राजवाड्याच्या आतील स्त्रियांचे जे शब्द आपल्यापर्यंत आले आहेत ते मुख्यतः अर्ज, तक्रारी आणि जबान्या ह्यांतून. ज्यांचे घर मर्जीवर अवलंबून असते त्यांचा वाङ्मयप्रकार अर्ज हा असतो. दप्तरातील अशा कागदांकडे आपण राजकीय इतिहासाची साधने म्हणूनच बघत आलो आहोत.

ह्या प्रश्नाची पुढची पिढी एका तमिळ कादंबरीत भेटते, आणि मराठी वाचकाने ती अवश्य वाचावी. तंजावर जिल्ह्यात जन्मलेल्या ति. जानकीरामन् ह्यांच्या 'मोगमुळ्' (म्हणजे मोहाचा काटा) ह्या कादंबरीची नायिका यमुना ही एका तमिळ ब्राह्मण जमीनदाराची, परंतु तिची आई पार्वतीबाई तंजावरच्या मराठ्यांपैकी. जमीनदाराचे पहिले घर निराळे आहे. तो जिवंत असेपर्यंत कुंभकोणममधला ह्या मायलेकींचा संसार व्यवस्थित चालतो. तो मरताच पहिल्या घरातून येणारे पैसे आटतात, आणि मायलेकी हळूहळू दारिद्र्यात उतरतात. कादंबरीचा मुख्य विषय नायक बाबूचा मोह व त्याची संगीतसाधना हा आहे हे खरे, आणि समीक्षकांनी तिची चर्चा त्याच अंगाने केली आहे. तथापि बाबू स्वतः कुंभकोणमला भाड्याच्या खोलीत राहणारा विद्यार्थी आहे आणि यमुना एका आश्रित घराची मुलगी, ही दोघांच्या नात्याखालची जमीन आहे. मंगलविलासातील स्त्रीच्या वाट्याला राजाच्या मृत्यूनंतर जे आले, त्याचेच शहरी, मध्यमवर्गीय रूप जानकीरामन् ह्यांनी रंगविले आहे. विसाव्या शतकातील मराठी कादंबरीत तंजावरची मराठी स्त्री इतक्या ठसठशीतपणे आलेली माझ्या वाचनात नाही. तिला तमिळने घर दिले.

उरले ते छत्र. आपल्या 'अन्नछत्रा'तील 'छत्र' आणि तमिळमधील 'चत्तिरम्' ह्या दोन्ही शब्दांचे मूळ संस्कृत 'सत्र' हे आहे. मराठीत तो उच्चाराने छत्रीजवळ गेला, आणि निवासाच्या दृष्टीने ती चूकही अर्थपूर्ण आहे. तंजावरच्या राजांनी रामेश्वरच्या वाटेवर एकामागून एक छत्रे बांधली व त्यांना बहुधा आपल्या स्त्रियांची नावे दिली. नीडामंगलमचे यमुनांबाळपुरम्, मणमेल्कुडीचे द्रौपदांबाळपुरम्, आणि ओरत्तनाडचे १८०२ मधील मुक्तांबाळपुरम् ही त्यांतील काही. शेवटचे सरफोजींनी मुक्तांबाळच्या स्मरणार्थ बांधले. तिचे राजाशी शास्त्रोक्त लग्न झालेले नव्हते. मृत्यूपूर्वी तिने आपल्या नावे छत्र घालण्याची इच्छा सांगितली, अशी आख्यायिका आहे. जिला राजवाड्यात हक्काची खोली मिळू शकत नव्हती, तिच्या नावाने त्या राजाने शेकडो परक्यांसाठी घर उघडले. तेथे निरनिराळ्या भाषांच्या शाळाही चालत.

छत्रांचे नियम आपणांस ठाऊक आहेत ते सरफोजींनी १८०१ मध्ये कंपनी सरकारला लिहिलेल्या पत्रामुळे. छत्रांची व्यवस्था आपल्याकडे राहावी म्हणून ते लिहिलेले होते, त्यामुळे त्यात वकिली आहे हे गृहीत धरावे. तरीही तपशील विलक्षण आहेत. ब्राह्मणापासून परैयापर्यंत सर्वांना अन्न. जो शिजविलेले खात नाही त्याला शिधा. अन्नदान मध्यरात्रीपर्यंत, आणि मग घंटा वाजवून राहिलेल्यांना बोलवावयाचे. वेद शिकविणारे, शाळा चालविणारे, रोगांवर व सर्पविषावर औषध देणारे वैद्य नेमलेले. अनाथ मुले शिक्षकाच्या स्वाधीन. त्यांना दिवसातून तीन वेळा जेवण आणि दर चौथ्या दिवशी तेलाचे स्नान. आजारी वाटसरूला बरे होईपर्यंत ठेवून घ्यावयाचे. मेल्यास त्याच्या जातीच्या रीतीप्रमाणे अंत्यविधी. लहान मुलांना दूध. वाटेत प्रसूत झालेल्या स्त्रीला बाळंतपणानंतर तीन महिने छत्रात राहण्याची मुभा.

तीन महिने ही मुदत मला ह्या सर्व नीतीतील सर्वांत विचारपूर्वक घातलेली अट वाटते. अग्रहाराने 'कायम' म्हटले, राजवाड्याने 'मर्जी असेपर्यंत'. छत्राने गरज मोजली आणि तिच्याएवढी मुदत दिली. बरे होईपर्यंत, तीन महिने, शिकून होईपर्यंत. छत्रात कोणी मालक होत नव्हता, म्हणून तेथे कोणाला कायमचे वगळण्याचीही गरज पडत नव्हती. अर्थात जातवार पंक्ती होत्या, आणि 'सर्वांना' ह्या शब्दाची मर्यादा त्या पंक्तींनी आखली होती; तो दोष झाकण्याचे कारण नाही. दुसरे असे की प्रत्येक छत्राला स्वतःच्या जमिनी तोडून दिलेल्या होत्या. खर्च राजाच्या खिशातून रोज येत नव्हता, भाताच्या पिकातून येत होता. त्यामुळे १८५५ मध्ये राजवाड्यातील बिऱ्हाडे निराधार झाली, तेव्हा छत्रे मात्र चालू राहिली. त्यांची व्यवस्था सरकारकडे व पुढे जिल्हा बोर्डाकडे गेली आणि उत्पन्नाचा ओघ शाळा व औषधोपचार ह्यांकडे वळला.

अग्रहारांची गोष्ट उलटी झाली. इंग्रजी शिक्षण घेतलेली मुले मद्रास, मुंबई, दिल्लीकडे गेली. घरे कुलुपात राहिली, विकली गेली, किंवा ओंडुक्कुडित्तनम् म्हणून खोलीखोलीने भाड्याने दिली गेली. १९६० चा तमिळनाडूचा भाडेनियंत्रण कायदा आणि आपला १९४७ चा मुंबई भाडे कायदा ह्यांचा हेतू एकच होता, भाडेकरूला एका रात्रीत बाहेर काढता येऊ नये. आपल्याकडे त्याचा एक परिणाम असा झाला की गोठलेल्या भाड्यात मालकाने कौले शाकारणे सोडून दिले, आणि वाडे भाडेकरूंच्या डोक्यावर झिजत गेले. तमिळनाडूत २०१९ पासून जुन्याच्या जागी नवा कायदा आला आहे. त्याने भाड्याचा करार लेखी असावा आणि त्याची नोंदणी व्हावी असे ठरविले आहे. परसातील खोलीला, माडीवरच्या बिऱ्हाडाला कागद मिळाला हे चांगले झाले. पण कागद दोन व्यक्तींमधला असतो. सामाईक विहिरीवर पहाटे कोणी आधी पाणी भरावे, विटाळाच्या दिवसांत भाडेकरूच्या बायकोने कोणत्या वाटेने जावे, आणि अमुक जातीच्या माणसाला खोली द्यावी की नाही, ह्या गोष्टी करारात लिहिल्या जात नाहीत. त्या ओटीवर ठरतात.

म्हणून छत्राच्या उत्तरचरित्रातील एक प्रसंग येथे नोंदवितो. तिरुवैयारु येथे छत्राच्या उत्पन्नातून चालणारे संस्कृत महाविद्यालय एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांपासून होते. विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहेही होती, पण त्यांत प्रवेश ब्राह्मण मुलांपुरता होता. १९२४ मध्ये जिल्हा बोर्डाच्या अध्यक्षपदी आलेले ए. टी. पन्नीरसेल्वम् हे जस्टिस पक्षाचे पुढारी, धर्माने ख्रिस्ती. राजाने ठेवलेले दान संस्कृतासाठी की विद्येसाठी, असा प्रश्न त्यांच्या काळात उपस्थित झाला आणि मूळ दानाचा आशय तपासला गेला. त्याचा निष्कर्ष असा निघाला की दान विद्येसाठी आहे. तिरुवैयारुला तमिळ विद्वान परीक्षेचे वर्ग सुरू झाले, आणि छत्रांची वसतिगृहे ब्राह्मणेतर मुलांना खुली झाली. मराठी राजाच्या पैशावर, संस्कृत पाठशाळेच्या शेजारच्या खोल्यांत, कावेरीकाठच्या शेतकऱ्यांची मुले राहून तमिळ व्याकरण शिकू लागली.